उतरती कळा मोजायची कशी? लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या कारकिर्दीवरून एक धडा

डिसेंबर 2004. मी दुसरीत होते. आगरला आमच्या घरात संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या आणि बाबा जेवता जेवता थांबले. लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. वय अवघं पन्नास. मला तेव्हा 'गेले' म्हणजे काय ते कळत होतं, पण पुढची गोष्ट कळली नाही. दोन-चार दिवसांनी त्याच टीव्हीवर 'झपाटलेला' लागला आणि लक्ष्या बाहुल्याला घाबरून पळत होता. मी आईला विचारलं, "मग हा कोण?" आई म्हणाली, "जुना पिक्चर आहे गं तो."

हा 'जुना पिक्चर' शब्द मी बरीच वर्षं विसरले होते. आत्ता आठवायचं कारण तुम्ही लोक. गेल्या महिन्यात पेट झालेल्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या काही मुलामुलींशी बोलत होते. एकाचा विषय सामाजिक शास्त्रातला होता, एकीचा रसायनशास्त्रातला, पण दोघांच्याही आराखड्यात एक शब्द होता: 'घट'. अमुक गोष्टीत झालेली घट आणि तिची कारणं. मी विचारलं, घट झाली हे कशावरून? दोघंही माझ्याकडे बघत राहिले. ते तर सगळ्यांनाच माहीत आहे, असा चेहरा.

सगळ्यांना माहीत असलेली एक घट आज आपण तपासू. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा उदय आणि उतार. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, चित्रपटाच्या इतिहासाची नाही. पण माणसाच्या कारकिर्दीचा आलेख काढताना आपण ज्या चुका करतो, त्याच प्रयोगशाळेतही करतो. फक्त तिथे त्या आकड्यांच्या आड लपतात.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

माझं काम चिकूच्या वाड्यांमधल्या रात्री उडणाऱ्या पतंगांवर आहे. वाडीत प्रकाश सापळा लावायचा, सकाळी त्यात पडलेले पतंग मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. पहिल्या वर्षी एका महिन्यात माझा आकडा भरभर खाली आला. दोन आठवड्यांत निम्म्याहूनही कमी. मी खुश. ग्राफ काढला, खाली लिहिलं, 'पतंगांच्या संख्येत लक्षणीय घट'. आणि कारणंही लिहून टाकली: फवारणी, तापमान, पाऊस. आमच्या गाईडनी ग्राफ बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "या रात्री तिथी कोणती होती?"

पौर्णिमा जवळ येत होती. चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात कमी पतंग येतात, हे कीटकशास्त्रात जुनंच आहे. वाडीतले पतंग होते तेवढेच असू शकतात, सापळ्यातला दिवाही तेवढाच. फक्त आजूबाजूचा उजेड वाढला, म्हणून आमचा दिवा उठून दिसेनासा झाला. मी मोजत होते सापळ्यातले पतंग आणि लिहीत होते वाडीतल्या पतंगांबद्दल.

हा प्रश्न लक्षात ठेवा. तिथी कोणती होती? आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

आधी चढण

बेर्डे यांचा जन्म 26 ऑक्टोबर 1954 चा, मुंबईचा. गिरगावच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांतून त्यांना नाटकाची गोडी लागली. मुंबई मराठी साहित्य संघात ते नोकरीला होते आणि नाटकांत छोटी छोटी कामं करत होते. म्हणजे 'एका रात्रीत स्टार' ही गोष्ट पहिल्याच पायरीवर बाद. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टुरटुर' या नाटकाने त्यांचं नाव झालं तेव्हा 1980 च्या दशकाची सुरुवात होती आणि त्यांनी तिशी गाठत आणली होती. मुंबई दूरदर्शनच्या 'गजरा'सारख्या कार्यक्रमातही ते दिसले. 1984 ला 'लेक चालली सासरला' हा चित्रपट आला. 1985 ला महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'धूमधडाका', 1987 ला 'दे दणादण', 1988 ला सचिन पिळगावकर यांचा 'अशी ही बनवाबनवी', 1989 ला 'थरथराट'. आणि त्याच 1989 च्या डिसेंबरात हिंदीतला 'मैंने प्यार किया'.

पाच वर्षांत एवढं. ग्राफ काढला तर रेघ सरळ वर जाते. पण इथेसुद्धा विचारा, ही चढण एकट्या माणसाची होती का?

माणसाचा वाटा होताच. नुसतं शरीर वापरून हसवणं, बोलता बोलता मध्येच अडखळणं, घाबरल्यावर आवाज पातळ करणं, हे त्यांचं स्वतःचं होतं. पण त्याच वेळी आणखी दोन गोष्टी घडत होत्या. एक म्हणजे 1970 च्या दशकात महाराष्ट्र सरकारने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परताव्याची योजना आणली होती. चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला कर निर्मात्याला परत मिळायचा, पण तो पुढच्या मराठी चित्रपटात घालायचा. म्हणजे एक चित्रपट चालला की दुसऱ्याचं भांडवल तयार. अशा व्यवस्थेत निर्मात्याला पटकन होणारा, हमखास चालणारा चित्रपट हवा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे विनोदाची जागा सरकत होती. दादा कोंडके यांनी 1971 च्या 'सोंगाड्या'पासून गावाकडचा, द्व्यर्थी विनोद घरोघर नेला होता. कोठारे आणि पिळगावकर यांनी शहरातली पोरं, भाड्याच्या खोल्या, कॉलेज, मोटारसायकल आणली. त्या चित्रपटांना एक गोंधळलेला, प्रेमळ, घाबरट मित्र हवा होता. बेर्डे तिथे चपखल बसले.

चढण मोजतानाही अमावास्या होती की नव्हती ते बघायचं, ते असं. अंधार असला की दिवा लांबून दिसतो. यात दिव्याचा अपमान नाही.

आता उतार, आणि त्याची ऐकीव कहाणी

तुम्ही कुणालाही विचारा, उताराची कहाणी साधारण अशी सांगतात. बेर्डे एकाच साच्यात अडकले. मग 'एक होता विदूषक' हा गंभीर चित्रपट केला, तो चालला नाही, लोकांनी त्यांना गंभीर भूमिकेत स्वीकारलं नाही, मन मोडलं आणि कारकीर्द उतरणीला लागली.

कहाणी ऐकायला चांगली आहे. चित्रपटही तसाच आहे. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. तमाशातला एक सोंगाड्या सिनेमात मोठा होतो, राजकारणाच्या वळचणीला जातो, आणि सगळ्यांना हसवता हसवता त्याचं स्वतःचं हसू हरवतं. शेवटी स्वतःच्या मुलीला हसवायची वेळ येते. 1992 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. तिकीटबारीवर मात्र बेर्डे यांच्या विनोदी चित्रपटांना मिळायचा तसा प्रतिसाद नव्हता.

आता बघा काय होतं. पडद्यावरच्या आबुरावची गोष्ट आपण उचलतो आणि ती भूमिका करणाऱ्या माणसाच्या आयुष्यावर चिकटवतो. हसवणारा आतून रडतो, हा साचा आपल्याला इतका आवडतो की पुरावा नसला तरी चालतो. संशोधनात याला फार जपायचं. तुमचा निष्कर्ष एखाद्या गाजलेल्या गोष्टीसारखा दिसायला लागला की थांबा, आणि डेटा पुन्हा उघडा.

इथे डेटा उघडायला फक्त तारखा लागतात. कागद घ्या आणि वर्षं एकाखाली एक लिहा. 1992: 'एक होता विदूषक'. 1993: 'झपाटलेला'. 1994: 'हम आपके हैं कौन'. म्हणजे ज्या चित्रपटाने कारकीर्द मोडली म्हणतात, त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांचा सगळ्यात जास्त आठवला जाणारा एक मराठी चित्रपट आला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते त्या काळातल्या सर्वांत मोठ्या हिंदी चित्रपटात होते. कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढी साधी अट ही कहाणी जेमतेम पाळते. मध्ये दोन मोठी यशं उभी आहेत, त्यांना वळसा घातल्याशिवाय ती पुढे सरकतच नाही.

त्यांना वाईट वाटलं नसेल असं मी म्हणत नाही. वाटलं असेलच. पण मनाला लागणं आणि कारकीर्द उतरणं ही दोन वेगळी विधानं आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

कोणाचा आलेख काढताय?

तारखा झाल्या. आता उभ्या अक्षावर काय घेणार, हा प्रश्न.

समजा तुम्ही उभ्या अक्षावर 'किती प्रेक्षकांनी पाहिलं' हे घेतलं. 'मैंने प्यार किया', 'साजन', 'बेटा', 'हम आपके हैं कौन' यामुळे रेघ 1994 पर्यंत वरच जाते. आता त्याच अक्षावर 'भूमिकेचं वजन' घ्या. मराठीत ते नायक होते किंवा नायकाच्या बरोबरीचे. हिंदीत नोकर, नाहीतर नायकाचा मित्र. याच वर्षांत, याच माणसाची रेघ खाली येते. डेटा तोच, माणूस तोच. एका आलेखात चढण, दुसऱ्यात उतार. दोन्ही खरे.

मी माझ्यासाठी एक नियम केला आहे. माणसाबद्दल लिहायचं असेल तर 'बेर्डे' लिहायचं, पडद्यावरच्या पात्राबद्दल लिहायचं असेल तर 'लक्ष्या'. हा नियम पाळायला लागल्यावर निम्मी वाक्यं आपोआप चुकीची वाटायला लागतात. 'लक्ष्या एका साच्यात अडकला' हे वाक्य बरोबर की चूक? लक्ष्या तर साचाच होता. अडकले असतील तर बेर्डे. आणि अडकवणाऱ्यांत निर्माते होते, वितरक होते, आणि तिकीट काढणारे आपणही होतो. पुन्हा तोच घाबरट मित्र मागणारे आपणच आणि पुन्हा तेच केलं म्हणून नावं ठेवणारेही आपणच.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा जोडशब्द आहे का बघा. 'शेती', 'शेतकरी' आणि 'शेतीचं उत्पन्न' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले मी स्वतः पाहिलेत. घट तिन्हींत वेगवेगळी असते.

आता तिथी विचारू

1990 च्या दशकात आजूबाजूचा उजेड वाढला का? वाढला, आणि तीन बाजूंनी.

पहिली बाजू, आवड. 1991 ला विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल यांची सोसणारी सून बघायला बायकांनी थिएटरं भरली. त्याच्यामागून रडवणाऱ्या कौटुंबिक चित्रपटांची रांग लागली. विनोदी चित्रपट संपले नाहीत, पण निर्मात्याला हमखास चालणारा दुसरा मार्ग सापडला होता.

दुसरी बाजू, घरातला टीव्ही. 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही सुरू झाला आणि केबलवाले गल्लोगल्ली तारा टाकत सुटले. तोवर मुंबई दूरदर्शन हेच एक केंद्र होतं, तेही 1972 पासून. हसायला बाहेर पडावं लागायचं, पैसे मोजावे लागायचे. आता हसणं महिन्याच्या केबल भाड्यात घरी यायला लागलं. 1999 ला अल्फा मराठी आणि 2000 ला ई टीव्ही मराठी आल्यावर तर मराठी विनोद रोज रात्री घरात.

तिसरी बाजू, मराठी चित्रपटाचा एकूण आकार. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी चित्रपट कमी बनायला लागले आणि हिंदीपुढे त्यांना थिएटर मिळेना. ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लगेच कळेल: छेद बदलला. एखाद्या नटाचे वर्षाला आठ चित्रपट येत होते आणि आता तीन येतात, एवढ्यावरून काही सांगता येत नाही. एकूण किती बनत होते? एकूणच निम्म्यावर आले असतील तर आठाचे चार होणं म्हणजे तो होता तिथेच आहे. अंश बघून निकाल देऊ नका, छेदही लिहा. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, त्यांची मोजदाद करणं हा एक छान एम.ए.चा प्रकल्प होईल. कुणी करत असेल तर मला वाचायला आवडेल.)

म्हणजे उतार खोटा होता का? नाही. इथे दुसऱ्या टोकाला जाऊ नका. आम्ही पीएचडीवाले एक ऐकीव कहाणी मोडली की लगेच उलटी कहाणी रचतो. बेर्डे 1990 च्या दशकाच्या शेवटी मोठ्या पडद्यावर कमी दिसू लागले. ती जुनी चौकडी, म्हणजे कोठारे, पिळगावकर, अशोक सराफ आणि ते, पूर्वीसारखी एकत्र येत नव्हती. मूत्रपिंडाच्या आजाराने शेवटच्या काळात त्यांना गाठलं. आणि एकाच तऱ्हेच्या भूमिकांमुळे काही चित्रपट खरंच शिळे वाटतात, ते आजही बघताना कळतं. मला म्हणायचंय ते एवढंच की 'उतार' या एका शब्दात चार वेगळे उतार कोंबलेले आहेत: माणसाच्या तब्येतीचा, पात्राच्या नवलाईचा, विनोदी चित्रपटाच्या मागणीचा आणि मराठी चित्रपट व्यवसायाचा. चारही खरे, पण एकाच वेळी सुरू झालेले नाहीत आणि एकाच कारणाने तर नाहीतच.

तुलना घ्या, पण जपून

चारांपैकी कोणता किती, हे एका माणसाकडे बघून सांगता येणार नाही. तुलना लागते. मी दोन घेतल्या.

पहिली आपल्याकडचीच. भगवानदादा पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्टंटपटांतून वर आलेला, 1951 चा 'अलबेला' स्वतः काढून देशभर गाजलेला. पुढच्या चित्रपटांत पैसा बुडाला, मोटारी गेल्या, बंगला गेला आणि 2002 ला ते दादरला आपल्या चाळीतल्या घरात गेले. दोघांच्या मृत्युलेखांचा सूर एकच: हसवणाऱ्याची शोकांतिका. पण कारणांची जात वेगळी. भगवानदादा निर्माते होते, स्वतःचं भांडवल लावून बसले होते. चित्रपट पडला की घर पडायचं. बेर्डे यांचा उतार मुख्यतः नटाचा उतार आहे. शेवट सारखा दिसतो म्हणून वाट सारखी नसते.

दुसरी तुलना लांबची आहे, पण तिचा एक फायदा आहे: तिथे आकडे आहेत. जपानमध्ये 1969 पासून 'आठ वाजले, सगळे गोळा व्हा' अशा अर्थाच्या नावाचा एक विनोदी कार्यक्रम दर शनिवारी रात्री आठला लागायचा. करणारे 'द ड्रिफ्टर्स' नावाचे पाच जण. सभागृहात प्रेक्षक बसवून थेट प्रक्षेपण. 7 एप्रिल 1973 ला टोकियोच्या आसपासच्या कांतो भागात त्याला 50.5 टक्के प्रेक्षकवर्ग मिळाला होता. 1981 ला समोरच्या वाहिनीने त्याच वेळेला दुसरा विनोदी कार्यक्रम आणला. तो आधीसारखा घोटून बसवलेला नव्हता, उत्स्फूर्त वाटणारा, टवाळ होता. हळूहळू तरुण तिकडे वळले आणि 1985 ला ड्रिफ्टर्सचा कार्यक्रम बंद झाला. उतार सिद्ध? कार्यक्रमाचा, हो. पण त्याच पाचांपैकी केन शिमुरा आणि कातो चा हे दोघं जानेवारी 1986 मध्ये त्याच वाहिनीवर, त्याच शनिवारी, त्याच आठ वाजता नवा कार्यक्रम घेऊन आले आणि तो 1992 पर्यंत चालला. शिमुरा 2020 ला कोविडने गेले तेव्हा सगळा देश हळहळला, कारण पिढ्या बदलल्या तरी ते टीव्हीवरून हलले नव्हते.

ही तुलना मला का उपयोगी पडली? तिच्यात कार्यक्रमाचा उतार आणि कलाकाराचा उतार वेगळे काढून दाखवता येतात. शिमुरांना त्याच वेळेची, त्याच वाहिनीची जागा दुसऱ्यांदा मिळाली. आपल्याकडे 1990 च्या दशकाच्या मध्यावर मराठी विनोदी नटाला अशी जागा कुठे होती? मराठीची स्वतःची खासगी वाहिनी यायला 1999 उजाडलं. पुढे त्या वाहिन्यांनी कितीतरी विनोदी नट घडवले. बेर्डे यांच्या वाट्याला ती सोय आली तेव्हा हाताशी पाच वर्षं उरली होती. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तपासता येईल असं अनुमान आहे, आणि सिनॉप्सिसमध्ये नेमकं तेच लागतं.

जो डेटा कुणी लिहिलाच नाही

आता आगरला परत या.

आमच्याकडे डहाणू पट्ट्यात ऐंशीच्या दशकातल्या प्रेक्षकांचा हिशेब तिकीटबारीवर मिळणार नाही. बाबा सांगतात, सत्यनारायणाची सार्वजनिक पूजा असली की रात्री 'व्हिडिओ' आणायचे. म्हणजे भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. अंगणात चादरी टाकून पहाटेपर्यंत सगळी वस्ती बसायची. एक कॅसेट हिंदी मारामारीची, एक देवाची आणि एक लक्ष्याची. वाडीत कामाला येणारी वारली माणसं, पलीकडची गुजराती कुटुंबं, सगळी हसायची. संवाद सगळ्यांना सारखे कळत नसतील, पण साडी नेसून पार्वती झालेला परश्या पदर सावरायला लागला की भाषेची गरज उरत नव्हती. यातल्या एकाही माणसाने तिकीट काढलं नाही. कुठल्याही हिशेबात ही माणसं नाहीत.

पण आठवणही जशीच्या तशी उचलू नका. बाबा ठासून सांगतात की 'बनवाबनवी' त्यांनी दहावीच्या सुट्टीत बघितला, म्हणजे 1987 च्या मे महिन्यात. चित्रपट प्रदर्शित झाला 23 सप्टेंबर 1988 ला. मी तारीख दाखवली तर म्हणाले, "मग तारीख चुकली असेल." बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांच्या आठवणीत आनंदाच्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्यात. मुलाखत घेताना हे कायम लक्षात ठेवा. माणूस 'काय वाटलं' ते बरोबर सांगतो, 'कधी' ते दुसरीकडून तपासायचं.

आणि माझी स्वतःची साक्षसुद्धा सदोषच आहे. मी बेर्डे यांना थिएटरात एकदाही पाहिलं नाही. माझ्यासाठी ते पूर्णपणे टीव्हीवरचे नट आहेत. रविवारी दुपारी, गणपतीत, दिवाळीच्या सुट्टीत. त्यांनी शंभराच्या पुढे चित्रपट केले आणि वाहिन्या त्यातले पंधरा-वीसच फिरवून फिरवून दाखवतात. साहजिकच चांगले तेच. म्हणून माझ्या मनातल्या आलेखात उतार नाहीच. तिथे 1988 आणि 1993 एकाच दुपारी येतात, पडलेले चित्रपट गाळले जातात, आणि पन्नाशीतला आजारी माणूस कधीच दिसत नाही. बाबांच्या पिढीला उतार दिसला, कारण त्यांनी वाट पाहिली होती. पुढचा चित्रपट कधी येतो, याची. मी कधी वाट पाहिलीच नाही. मला सगळं तयार मिळालं.

दुसरीतल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर आईने बरोबर दिलं होतं. जुना पिक्चर. आपण उतार मोजतो तेव्हा बऱ्याचदा नव्या पिक्चरची जुन्याशी तुलना करत असतो, आणि जुन्यातले फक्त निवडक आपल्यापर्यंत आलेले असतात.

हे सगळं तुम्हाला का सांगितलं

दोन कारणं. पहिलं सरळ आहे. सिनॉप्सिसमध्ये 'घट', 'ऱ्हास', 'उतार' असा शब्द आला की त्याच्याखाली पेन्सिलने चार प्रश्न लिहा. कशाची घट, माणसाची की पात्राची? कुठल्या मापाने? छेद काय होता? आणि तिथी कोणती होती? चारांची उत्तरं तुमच्याकडे असतील तर व्हायव्हाला कुणी तुम्हाला हलवू शकणार नाही. नसतील तर तोच तुमच्या संशोधनाचा विषय आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरं कारण जरा आतलं आहे. पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी आपण स्वतःचाच आलेख काढायला लागतो. एमएस्सीला पहिला आलो होतो, नेट निघाली होती, आणि आता वर्षभर एक पेपर नाही. रेघ खाली येताना दिसते आणि आपण लगेच कारण लिहून मोकळे होतो: मीच कमी पडले. मीही लिहिलं होतं. पौर्णिमेच्या त्या ग्राफनंतर काही महिने मला वाटत होतं की माझी लायकीच नाही. तेव्हा कुणीतरी मला माझ्याबद्दलही तोच प्रश्न विचारायला हवा होता. फेलोशिप थकली होती, त्या वर्षी पाऊस लांबला होता, सापळे दोनदा वाहून गेले होते. माझी चूकही होती. पण ती चारांतली एक होती.

बेर्डे यांच्याकडे परत येते आणि थांबते. 2004 ला, ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी, कोठारे यांचा 'पछाडलेला' आला. त्यात भरत जाधव, श्रेयस तळपदे ही नवी पोरं आणि त्यांच्याबरोबर बेर्डे. मी तो टीव्हीवरच पाहिला. आता पुन्हा लागला तर बघा, आणि त्यांना 'उतरणीवरचा नट' न समजता नुसतं बघा. एका दृश्यात तरी तुम्ही हसाल. मग वही उघडून लिहा की किती वेळा हसलात आणि कशाला. तेवढा तुमचा पहिला डेटा. निष्कर्ष नंतर.